इंजिन बदललं, सेल्फ फिरतो, पण गाडी काही धरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००७ ची वॅगन आर. जुनं इंजिन ऑईल खात होतं, म्हणून भंगार बाजारातून झेन एस्टिलोचं इंजिन आणून बसवलं. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण ‘जरा जड’. बॅटरी दोन महिन्यांची. प्लग काढले तर पेट्रोलने ओले, करंट (प्लगवर पडणारी ठिणगी) मात्र दिसला नाही. सेल्फ मारताना चेक इंजिनची लाईट विझते. आठवडा झाला, आणि आता मेकॅनिक म्हणतोय, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलाय, दुसरा आणा.

आणू नका. निदान आज तरी नको.

तीस वर्षं या धंद्यात आहे, त्यावरून सांगतो. काल चालणारी गाडी आज बंद पडली, तर काय बिघडलं ते शोधायचं. इंजिन बदलल्यावर गाडी चालू होत नसेल, तर आपण कुठे कुठे हात लावला ते आठवायचं. तुमचा ईसीएम डॅशबोर्डखाली बसला होता, त्याला कोणी हात लावला नव्हता, आणि जुन्या इंजिनावर तो शेवटच्या दिवसापर्यंत गाडी चालवत होता. नेमका इंजिन उतरवायच्या दिवशीच तो कसा मेला? असं होतच नाही असं नाही. बॅटरी जोडलेली ठेवून वेल्डिंग केलं किंवा बॅटरीच्या वायरी उलट लावल्या तर होतं. तसं काही केलं असेल तर कळवा. नसेल तर ईसीएमचा नंबर यादीत शेवटचा.

तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी एकत्र ठेवून बघू. प्लग ओले आहेत. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असलेल्या गाडीत, तो इंजेक्टर आपोआप उघडत नाही. क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) फिरतोय असा सिग्नल क्रँक सेन्सरकडून आला, तरच ईसीएम इंजेक्टर उघडतो. म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत जातंय याचा अर्थ पंप चालू, क्रँक सेन्सर बहुतेक ठीक, आणि ज्याला तुमच्या मेकॅनिकने मृत ठरवलं तो ईसीएम थोडा का होईना काम करतोय. (इंजेक्टर गळका असेल तर प्लग तसेही ओले होतात, पण चारही एकदम गळणार नाहीत.) आता उरलेल्या गोष्टी: सेल्फ जड, बॅटरी नवी, सेल्फ मारताना लाईट विझते. चेक इंजिनची लाईट सेल्फ मारताना विझायला नको. ती विझते म्हणजे त्या क्षणी तिच्या सर्किटला पुरेसा सप्लाय पोचत नाही. नव्या बॅटरीवर हे होत असेल तर माझा पहिला संशय इंजिनाच्या अर्थिंगवर.

सगळं इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. सेल्फ ओढतो शंभर-सव्वाशे अँपिअर. तो करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायला एकच हक्काचा रस्ता, इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून निघणारी ती जाड अर्थची वायर. इंजिन उतरवताना ती सोडावीच लागते. चढवताना ती मागे राहते, नाहीतर ‘नंतर लावू’ म्हणून अर्धी कसलेली राहते. तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. भंगारवाले इंजिन दिसायला बरं दिसावं म्हणून त्याच्यावर चंदेरी रंगाचा स्प्रे मारतात. अर्थिंगचा बोल्ट त्या रंगावर कसला गेला की बोल्ट घट्ट, वायर जागेवर, आणि करंट जात नाही. डोळ्यांनी बघून हा फॉल्ट सापडत नाही.

फार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ओम्नी ओढून आणली होती. इंजिन दुसऱ्या गावी बदललेलं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उचलली की सगळं समोर दिसतं. मी पोराला सेल्फ मारायला सांगितला आणि बघतो तर रेसच्या (अ‍ॅक्सिलरेटरच्या) केबलमधून धूर. रेसची केबल आणि सेल्फचा संबंध काय? अर्थची वायर लावलेलीच नव्हती. करंटला जायला दुसरी वाट नाही, म्हणून तो रेसच्या केबलच्या बारीक तारेतून बॉडीत परत जात होता. तेव्हापासून सेल्फ जड फिरणारी, इंजिन बदललेली गाडी आली की मी आधी रेसच्या आणि गिअरच्या केबलवर हात ठेवतो. गरम लागली तर बाकी काही बघत नाही.

तुम्ही हे पाच मिनिटांत करू शकता. जंप स्टार्टची चांगली जाड केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे इंजिन उचलायचा हुक असतो त्याला किंवा अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला. रंग असेल तर खरवडा. मग सेल्फ मारा. सेल्फ झटक्यात फिरला आणि गाडी चालू झाली तर प्रश्न संपला. नाही झाली तरी सेल्फ हलका झाला का ते बघा.

मल्टिमीटर असेल तर नक्की आकडाच मिळेल. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच), दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर. आता सेल्फ मारून आकडा वाचा. ०.२–०.३ व्होल्टपर्यंत चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वायर, क्लॅम्प किंवा बोल्टची जागा खराब. एक-दीड व्होल्ट आला तर वायर जोडलेलीच नाही असं समजा. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंट्यांमधलं व्होल्टेजही बघून ठेवा. सेल्फ न मारता १२.५ च्या आसपास, आणि सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको. ‘बॅटरी नवीन आहे’ हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की त्यावर आता विश्वास ठेवत नाही. तुमची आठवडाभर सेल्फ मारून खाली बसलेलीही असू शकेल.

अर्थिंग खराब असलं की नुसता सेल्फ जड होत नाही. ईसीएमच्या स्वतःच्या अर्थच्या बारीक वायरीही बऱ्याच गाड्यांत इंजिनावरच, इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरमध्ये हवा नेणाऱ्या नळ्यांना) किंवा हेडला, छोट्या बोल्टने लावलेल्या असतात. ठिणगीचा करंट बनवणाऱ्या कॉईलचंही बऱ्याचदा तसंच. इंजिन बॉडीपेक्षा व्होल्टभर वर उचललं गेलं की सेन्सरचे सगळे आकडे बिघडतात, कॉईलला धड करंट मिळत नाही, आणि ईसीएम मध्येच बंद होऊन पुन्हा जागा होतो. मग मेकॅनिक स्कॅनर लावतो, पाच-सहा कोड दिसतात, आणि निष्कर्ष निघतो: ईसीएम गेला. तेव्हा जाड वायर नीट केल्यावर मॅनिफोल्डवर डोळस नजर टाका. दोन-तीन काळ्या वायरींना एकच गोल टर्मिनल असलेलं टोक कुठे लोंबतंय का, किंवा इंजिनामागे दबलंय का ते बघा. त्याचा बोल्ट सहसा दहाच्या पान्याचा असतो. भंगारातून आलेल्या इंजिनावर ते भोक रिकामंच असतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता करंट. तो नाही हे तुम्ही कसं तपासलं, ते लिहिलं नाही. प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनाला टेकवली असेल. कशाला टेकवली? रंगवलेल्या हेड कव्हरला टेकवून ‘करंट नाही’ म्हणणारे मी रोज बघतो. प्लगची बॉडी उघड्या लोखंडाला पक्की लागली पाहिजे. आणि ती हातात धरू नका. तो झटका हृदयाचा आजार असलेल्या माणसाला महागात पडेल. उघड्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, ठिणगी तिथेच पडली तर भडका उडेल, म्हणून या तपासणीपुरते इंजेक्टरचे कपलर (वायरींचे जोड) काढून ठेवा.

नीट तपासूनही करंट नसेल तर कॉईलच्या कपलरवर चावी ऑन असताना १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्युज आणि मेन रिले. १२ व्होल्ट येतात, अर्थिंग ठीक आहे, तरी करंट नाही, असं झालं तर स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएम काय दाखवतो ते वाचा. दोनशे-अडीचशेच्या आसपास आकडा हवा. शून्य दाखवत असेल तर क्रँक सेन्सरचा सिग्नल ईसीएमपर्यंत येत नाही, आणि प्लग ओले असण्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. दोन वायरींचा सेन्सर असेल तर त्याच्या टर्मिनलवर मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा, थोडं का होईना व्होल्टेज हललं पाहिजे. एक सूचना: ईसीएमच्या वायरींवर जुन्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, तो जास्त करंट ओढतो. एलईडीवाला घ्या किंवा मीटर वापरा.

इथे तुमच्या इंजिनाची जात बघावी लागते. वॅगन आरचं एफ१०डी, १०६१ सीसीचं चार सिलिंडरी इंजिन एस्टिलोमध्येही आलं आणि अल्टोच्या ११०० वाल्या मॉडेलमध्येही. त्यामुळे भंगारवाल्याने ‘सेम टू सेम’ म्हणून दिलं, ते ब्लॉकपुरतं खरं आहे. २०१० मध्ये नवी वॅगन आर आली ती तीन सिलिंडरच्या के१०बी वर, ते वेगळं प्रकरण, त्याच्याशी घोळ घालू नका. पण एफ१०डी मध्येही सगळं सारखं असेलच असं नाही. पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत २००५ पासून बीएस-३ (गाडीच्या धुरावरचा प्रदूषणाचा नियम) लागू झालं आणि उरलेल्या देशात २०१० मध्ये. म्हणजे मधल्या पाच वर्षांत एकाच मॉडेलच्या दोन तऱ्हेच्या गाड्या रस्त्यावर आल्या. तुमची गाडी एका तऱ्हेची आणि इंजिन दुसऱ्या तऱ्हेचं असेल, तर सेन्सर, कपलर, क्रँकवरचं सेन्सरसाठीचं दात्यांचं चाक, यात फरक निघू शकतो. सेन्सर जागेवर बसतो, कपलरही बसतो, पण ईसीएमला अपेक्षित असलेले दाते समोर येत नाहीत. तो गोंधळतो आणि करंट देत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. आणलेलं इंजिन म्हणजे ब्लॉक आणि हेड. त्यावरचे सेन्सर, कॉईल, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, सगळं आपल्या जुन्या, चालत असलेल्या इंजिनावरून काढून नव्यावर चढवायचं. क्रँकचं दात्यांचं चाकही शेजारी ठेवून मोजून बघायचं आणि वेगळं असेल तर तेही बदलायचं. तुमचं जुनं इंजिन अजून गॅरेजमध्ये पडलेलं असेल तर भंगारात देऊ नका, त्यावर तुमची अर्धी उत्तरं आहेत. जुन्याचा फोटो आणि नव्याचा फोटो शेजारी ठेवून एकेक कपलर जुळवा. सारख्या आकाराचे दोन कपलर अदलाबदल होणं ही नेहमीची चूक, आणि पाण्याच्या टेंपरेचरच्या सेन्सरचा कपलर दुसरीकडे गेला तर ईसीएमला इंजिन बर्फासारखं थंड वाटतं आणि तो पेट्रोल ओतत सुटतो. तुमचे ओले प्लग तसेही असू शकतात.

दोन कॉईलची मांडणी असेल तर एका कॉईलवर सिलिंडर १ आणि ४, दुसरीवर २ आणि ३. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२. जुन्या डेल्कोच्या (करंट पाळीपाळीने प्लगना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) गाड्यांत वेगळीच गंमत असते. एक नंबरचा पिस्टन चार स्ट्रोकमध्ये दोनदा टॉपला येतो, एकदा कॉम्प्रेशनवर, एकदा एक्झॉस्टवर. चुकीच्या टॉपवर डेल्को बसवला की सगळं बरोबर दिसतं आणि गाडी कार्बोरेटरमधून फटाके वाजवते. तुमच्याकडे फटाके नाहीत, म्हणून त्यात शिरत नाही.

टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह जुळवून फिरवणारा पट्टा) मात्र बघाच. एफ१०डी ला बेल्ट आहे, चेन नाही. भंगारातून आणलेल्या इंजिनाचा बेल्ट किती वर्षांचा ते देवाला ठाऊक, तो आणि टेन्शनर नवा टाकून मगच इंजिन चढवायला हवं होतं. कव्हर काढा, प्लग काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने इंजिन फिरवा आणि खुणा जुळवा. दोन पूर्ण फेरे फिरवल्यावर खुणा पुन्हा तिथेच आल्या पाहिजेत. हाताने फिरवताना मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल. एक दाता चुकला तर गाडी बहुधा चालू होते पण रेसला मरते. दोन-तीन दाते चुकले तर धरत नाही. कॉम्प्रेशन गेज लावली आणि चारही सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर संशय बेल्टवर. एक-दोनच कमी असतील तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. वर्षभर उघड्यावर पडलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह गंजून अडकतात. गेज लावताना रेस पूर्ण दाबून ठेवा, नाहीतर हवाच जाणार नाही आणि चांगलं इंजिन नापास होईल.

आठवडाभर सेल्फ मारल्यामुळे आणखी एक भानगड झाली असेल. पेट्रोलने सिलिंडरची भिंत धुतली जाते, ऑईलचा थर जातो, आणि कॉम्प्रेशन आणखी पडतं. मूळ फॉल्ट काढल्यावरही गाडी चालू होत नाही म्हणून माणूस पुन्हा दुसरीकडे शोधायला लागतो. त्यामुळे आधी प्लग काढून वाळवा, इंजेक्टरचे कपलर काढलेलेच ठेवून दहा-दहा सेकंद दोनदा सेल्फ फिरवा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल टाका, प्लग लावा, कपलर जोडा. मग रेस पूर्ण दाबून सेल्फ मारा, बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत तेवढ्या वेळापुरतं ईसीएम पेट्रोल बंद किंवा कमी करतो. चालू झाली की निळा धूर येईल, पाचेक मिनिटं घाबरू नका. आणि ऑईलही बदला, त्यात पेट्रोल उतरलेलं असेल. करंट नसताना सेल्फ मारत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि नंतर ते तिथेच पेटतं. तोही खर्च लहान नाही.

एक शरमेची गोष्ट सांगतो. मी स्वतः एकदा इनटेकच्या भोकांत कचरा जाऊ नये म्हणून फडकं कोंबलं, मॅनिफोल्ड बसवलं आणि दोन दिवस करंट, पेट्रोल, टायमिंग शोधत बसलो. सगळं बरोबर आणि गाडी मुकी. शेवटी माझ्याच पोऱ्याने विचारलं, ‘उस्ताद, ते लाल फडकं कुठे गेलं?’ तेव्हापासून भोकं बंद करायला मी चिकटपट्टी वापरतो, फडकं नाही. तुमच्या मेकॅनिकला हा प्रश्न जरा प्रेमानेच विचारा.

इमोबिलायझरबद्दल, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्राबद्दल, दोन ओळी. तुमचा मूळ ईसीएम आणि मूळ चावी कायम असेल तर इंजिन बदलल्याने त्याला काही फरक पडत नाही. पण मेकॅनिकच्या सल्ल्याने भंगारातला ईसीएम लावलात, आणि तुमच्या गाडीत इमोबिलायझर असेल, तर तो चावी ओळखणार नाही आणि असलेल्या फॉल्टवर नवा फॉल्ट चढेल. ईसीएम घाईने बदलू नका म्हणायचं हेही एक कारण.

डिझेलवाल्यांना यातलं करंटचं लागू नाही. त्यांच्याकडे लाईनमधली हवा आणि रेलचं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर हे पहिले संशयित. कॉमन रेल इंजिनाच्या नळ्या सेल्फ मारताना सैल करून हवा काढायचा जुना प्रकार मात्र करू नका, त्या प्रेशरने डिझेल कातडीत घुसतं.

क्रम असा धरा: आज जंप केबल लावून सेल्फ आणि मीटरचे दोन आकडे, उद्या मॅनिफोल्डवरच्या अर्थच्या वायरी आणि कॉईलवरचे १२ व्होल्ट, मग स्कॅनरवरचा आरपीएम. त्यानंतरच बेल्टचं कव्हर उघडा, कारण त्यात अर्धा दिवस जातो. तुमच्या वर्णनावरून मला पहिल्याच पायरीवर गाडी चालू होईल असं वाटतंय, पण आकडे आल्याशिवाय पैज लावणार नाही.

आणि गाडी चालू झाली की लगेच लांब फिरायला नेऊ नका. आधी ऑईलची लाईट विझते का, पाणी कुठे गळतंय का, फॅन लागतो का ते बघा. भंगारवाल्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल घेतलं नसेल तर तेही आत्ताच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याचं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावं लागतं आणि आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. तो नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर जबाब तुम्हालाच द्यावा लागेल, आणि तेव्हा भंगारवाला तुम्हाला ओळखणारसुद्धा नाही.